कोलशेतच्या बांधावरचा लेख

बी. ए.ला इतिहास घेतला तो मी वडिलांना न विचारता. वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. मुलाने गणित घ्यावे आणि पुढे वकिलीच्या परीक्षेला बसावे, असे त्यांनी मनाशी ठरवून ठेवले होते. मी मुंबईला कॉलेजच्या खोल्यांत राहत असे आणि महिन्यातून एकदा आगगाडीने घरी येत असे. अशाच एका रविवारी जेवताना मी ती गोष्ट सांगून टाकली. वडिलांचा घास हातातच राहिला.

"इतिहास म्हणजे बखरीच ना?" ते म्हणाले. "त्या घरी बसूनही वाचता आल्या असत्या. त्याला मुंबई कशाला?"

खरे कारण सांगितले असते तर ते हसले असते. आमचे इतिहासाचे प्रोफेसर इंग्रज होते. उंच, किडकिडीत, उन्हाने नाक सोललेले. पहिल्याच तासाला ते हातरुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. रुमाल उलगडला तर आत भाजलेल्या कौलाचा तुकडा. रोमन लोकांनी भाजलेले हे कौल आपल्या इंग्लंडातल्या गावच्या शेतात नांगराला लागले, असे त्यांनी सांगितले आणि तो तुकडा चक्क पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात दिला. फिरत फिरत तो माझ्यापाशी आला. कौलावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता.

"कौल ओलं होतं, उन्हात वाळत घातलेलं," प्रोफेसर म्हणाले. "कुत्रं वरून धावत गेलं. कुणीतरी त्याच्यावर ओरडलंही असेल."

मी त्या ठशात बोट घातले. नखांच्या खुणा बोटाला लागल्या. धर्मराजापासून पेशव्यांपर्यंत जे कोणी होऊन गेले, ते सारे तोवर माझ्या लेखी गोष्टीतले होते. ते खरोखरच होते, त्यांच्या अंगणात कुत्री होती, आणि ती त्यांचे ऐकत नसत, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळले. तास संपल्यावर मी थेट कॉलेजच्या कचेरीत गेलो आणि विषयांच्या कागदावर 'गणित' लिहिले होते ते खोडले.

पुढे मात्र रोजचे शिक्षण वेगळेच निघाले. इंग्लंडचे राजे, त्यांच्या राण्या, पार्लमेंटाची भांडणे, ग्रीसच्या लढाया. सनावळ्या पाठ करायच्या, टिपणे उतरवायची. मी ते सगळे मन लावून केले. पाठ करता करता मध्येच थांबून मी विचार करी, की हा राजा दाढदुखीने कधी रात्रभर जागला असेल का? पण असले प्रश्न परीक्षेत येत नसत.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुटीसाठी घरी आलो. त्या वर्षी फाल्गुनातल्या उधाणाने कोलशेतच्या खाडीकाठचा बांध फुटला होता आणि खारे पाणी भातखाचरांत शिरले होते. पावसाच्या आत बांध दुरुस्त व्हायला हवा होता. सरकारने ठेकेदार नेमला, दगड येऊ लागले, आणि तेवढ्यात काम अडले. गावकरी एक दगड हलवू देत नाहीत, अशी तक्रार ठेकेदाराने कचेरीत दिली. चौकशीला वडिलांना धाडण्यात आले. निघताना ते मला म्हणाले, "चल. नाहीतरी घरात पुस्तक उराशी धरून लोळतोच आहेस."

बैलगाडीने माजिवड्यावरून आम्ही सकाळीच कोलशेतला पोचलो. बांधाच्या तुटक्या टोकाशी पुरुषभर उंचीचा एक दगड उभा होता, थोडा कललेला. त्याच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये बारीक अक्षरांच्या ओळी, आणि अगदी खाली एक चित्र. मी वाकून बघायला लागलो तशी वडिलांनी माझी बाही ओढली.

"खालचं बघू नकोस," ते इकडेतिकडे बघत पुटपुटले.

ते चित्र गाढवाचे आणि बाईचे होते. दगडावर कोरलेली शिवीच ती. असले दगड आमच्या मुलुखात कुठे कुठे आहेत आणि लोक त्यांना भिऊन असतात, एवढे मला ऐकून ठाऊक होते. ह्या दगडाला मात्र शेंदूर लावलेला होता आणि त्याला पाठ टेकून एक म्हातारी बसली होती. मिठागरात जन्म गेलेली, काळीभोर, ताठ. गाव तिला 'आय' म्हणे. दगडावर हात टाकायचा तर आधी मला उचला, असे तिने ठेकेदाराच्या माणसांना बजावले होते.

"रावसाहेब, घडीव दगड आहे," ठेकेदार वडिलांना म्हणाला. "चार माणसांत निघेल. पायात आडवा घातला की बांध शंभर वर्षं हलायचा नाही."

"आनि धोंडा हलला तं?" आय बसल्या जागेवरूनच म्हणाली. "खारा पानी गावात शिरंल. माजी सासू बोलायची, तिची सासू बोलायची. यो धोंडा गावाचा राखनदार हाय."

"त्यावर लिहिलंय काय, बाई?" वडिलांनी विचारले.

"मना काय ठाव? आमी कंदी शालंत गेलो?"

वडील माझ्याकडे वळले. सगळ्यांच्या देखत, काहीशा अभिमानाने म्हणाले, "हा माझा मुलगा. मुंबईला बी. ए.ला इतिहास शिकतो. वाच रे."

मी पुढे झालो. अक्षरे नागरीच होती. 'क' ओळखू आला, 'ल' आला, 'त' आला. पण शब्द म्हणून काही उभाच राहीना. जिथे तिथे नको त्या ठिकाणी काना. मी पहिल्या ओळीवर बोट फिरवले, दुसरीवर फिरवले, मग पुन्हा पहिलीवर आलो. मागे गावकरी, ठेकेदार, वडील, सगळे थांबलेले. इंग्लंडचे सगळे राजे मला क्रमाने म्हणता आले असते.

"येत नाही," मी शेवटी म्हणालो.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते. वडिलांनी घसा साफ केला, पंधरा दिवसांत काय तो अहवाल देतो म्हणून ठेकेदाराला सांगितले आणि तोवर दगडाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी एकटाच चालत कोलशेतला जाऊ लागलो. तीन दिवस बसून अक्षर न् अक्षर कागदावर उतरवले. आय मिठागरातून येता-जाता थांबे, अक्षरांच्या खाचांतला शेंदूर मला काडीने काढू देई, आणि मग स्वतः पुन्हा दगडाला हात जोडे. उतरवून झाल्यावर मी घरी बसून डोके लढवले. एका ओळीत 'कालाशत' असे स्पष्ट दिसत होते. काल आणि शत! शंभर युगांपर्यंत टिको, असा काहीतरी राजाचा आशीर्वाद असणार, असे मी ठरवले आणि त्यावर चार पाने खरडली. लिहिताना मला फार मोठा शोध लागल्यासारखे वाटत होते.

ती पाने घेऊन मी कल्याणला गेलो. ठाण्याच्या शाळेत मला संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा म्हातारपणी तिथे मुलीकडे राहत. कानाने कमी ऐकू येई, नजर मात्र घारीची. त्यांनी आधी माझी चार पाने वाचली. मग उतरवलेला लेख हातात घेतला आणि हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. लेकीने पाणी आणून दिले.

"अरे, शंभर युगं कसली?" ते म्हणाले. "ती धूळपाटी आण इकडे."

पाटीवर धूळ पसरून त्यांनी बोटाने 'क' काढला आणि त्याच्या अलीकडे एक उभी रेघ ओढली.

"हे काय झालं?"

"रेघ आणि क."

"हा 'के' झाला. आज आपण मात्रा डोक्यावर देतो. त्या काळी ती अक्षराच्या पाठीशी उभी करीत. तू पाठीमागची मात्रा आधीच्या अक्षराचा काना समजून वाचलंस, म्हणून सगळं बिघडलं. आता कागद घे. 'क'च्या मागे रेघ आहे, पुढे काना आहे. काय झालं?"

"को."

"पुढे?"

"ल." मग मी थांबलो. 'ल'च्या पुढची रेघ 'ल'ची नव्हती, ती पुढच्या 'श'ची होती. "शे," मी म्हणालो. "त."

"सबंध वाच."

मी अक्षरे जोडली. कोलशेत. मी तीन दिवस ज्या गावात जात होतो, तेच ते गाव. शास्त्रीबुवांनी वरच्या ओळीतला शकाचा आकडा बोटाने दाखवला आणि वजाबाकी करायला सांगितली. सुमारे सातशे वर्षे निघत होती. सातशे वर्षांपूर्वी कुणी तरी हा शब्द उच्चारला, दुसऱ्या कुणी तो दगडात खोदला, आणि त्या दिवशी आमच्या गाडीवानाने बैलांना हाकताना तोच शब्द जसाच्या तसा उच्चारला होता. मधल्या काळात ठाण्यावर किती निशाणे चढली आणि उतरली! हा शब्द मात्र एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात राहिला, कुठेही न सांडता.

माझे डोळे भरून आले. शास्त्रीबुवांनी ते पाहिले आणि मुद्दाम नजर कागदाकडे वळवली. "हं, पुढे वाच," ते हळूच म्हणाले. "आता तुला येईल."

संध्याकाळपर्यंत आम्ही सबंध लेख लावला. खाडीकाठची एक जमीन देवळातल्या अखंड दिव्यासाठी दान दिली होती. देणाऱ्याचे नाव, राजाचे नाव, लेख लिहिणाऱ्याचे नाव. मग जमिनीच्या चार सीमा: पूर्वेस खाडी, दक्षिणेस बाव म्हणजे विहीर, पश्चिमेस कुंभाराचे खाचर, उत्तरेस हाच दगड. आणि हे दान जो मोडील त्याला ती गाढवाची शिवी.

घरी येऊन मी ते वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. कचेरीतल्या माणसाला सीमा म्हटल्या की कान टवकारायची सवयच असते.

"सीमा जुळायला हव्यात," ते म्हणाले. "नाहीतर तुझ्या शास्त्रीबुवांचं वाचन खरं कशावरून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा कोलशेतला गेलो. दगडाच्या दक्षिणेला बघितले तर उघडे, तडे गेलेले रान. विहीर नव्हती. वडिलांनी माझ्याकडे नुसते पाहिले. आय शेजारीच उभी होती, तिला मी म्हणालो, "आय, ह्या दगडावर इथं जवळ एक बाव होती असं लिहिलंय."

"होती काय? हाय," आय म्हणाली.

"कुठं?"

ती तरातरा चालत निघाली. साठ-सत्तर पावलांवर थांबली आणि टाचेने जमीन ठोकली. "ही बाव."

तिथे काहीच नव्हते. गवताचे खुंट आणि माती.

"कवाच बुजली," आय म्हणाली. "माज्या सासूनं पन पानी नाय पायलं तिचं. पन गावात नवरी आली का पयली हितं आनतान. हितं नारल ठेवाचा, पाया पराचं, मंग घरात जावाचं. मी पन परलेली."

"का पडता पाया?"

"बाव हाय म्हून."

वडिलांनी डोक्यावरची पगडी सारखी केली. मी घाईने विचारले, "आणि कुंभाराचं खाचर?"

"त्या बाजूला. तो बग, भेंडीचं मोठं झार हाय ना, तवरा." तिने पश्चिमेकडे हात केला. "आमच्या गावात कुंभार कंदीच नवता. मडकी ठान्यावरून आनतो. पन त्या खाचराला कुंभाराचंच बोलतान."

आम्ही बांधाबांधाने तिथे गेलो. वडिलांनी काठीने ढेकूळ फोडले. मातीत तांबड्या खापऱ्या होत्या. मी वाकून ओंजळभर गोळा केल्या. एका खापरीच्या काठावर नखाने काढावी तशी नक्षी होती. खाडीवरून वारा येत होता. इतिहास पुस्तकांत असतो असे धरून मी दोन वर्षे ग्रंथालयात बसलो होतो. आणि इथे ही बाई, जिला अक्षर ठाऊक नव्हते, सातशे वर्षांच्या सीमा टाचेने आणि हाताने दाखवीत होती.

वडिलांनी अहवाल लिहिला. एरवी ते चार ओळींत उरकत; ह्या वेळी दोन ताव भरले. लेखाचा मराठी अर्थ त्यांनी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात सोबत जोडला. आठ दिवसांनी वरून शेरा आला, की दगड आहे तिथेच ठेवावा आणि बांध त्याला वळसा देऊन बांधावा. ठेकेदार कुरकुरला, पण पाऊस लागायच्या आत बांध पुरा झाला.

सुटी संपल्यावर मी सगळे कागद आणि ती नक्षीची खापरी घेऊन प्रोफेसरांच्या खोलीवर गेलो. ते शाबासकी देतील अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग प्रश्न सुरू केले. अक्षरे त्याच काळची हे कशावरून? खापऱ्या दुसऱ्या कुठल्या काळच्या नसतील कशावरून? लेखात काय आहे हे तू त्या बाईला आधी सांगितलेस, की तिने आधी दाखवले? बावेचे मीच आधी सांगितले होते. खाचराचे नावही मीच घेतले होते.

"मग तेही लिही," प्रोफेसर म्हणाले. "जे तुझ्या विरुद्ध जातं ते आधी. आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत उतरव. नुसता दगड नेलास तर अर्धंच नेलंस."

मी निघालो तेव्हा ते खापरी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. तिच्या काठावरून त्यांचे बोट पुन्हा पुन्हा फिरत होते. ते तसेच उभे राहिले. मी दार लोटल्याचे त्यांना कळलेही नाही.

दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन कोलशेतला गेलो. ह्या वेळी आयला काही न सांगता नुसते विचारत गेलो आणि ती बोलली तसे लिहीत गेलो. उत्तरेकडच्या शेतांची नावे, कुठल्या खाचरात नांगर धरायच्या आधी हात जोडायचे, कुठल्या वाटेने मढे न्यायचे नाही. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "आता तू वाच. धोंडा काय बोलतो तो आमाला पन आयकू दे."

बघता बघता गाव जमले. बायका कडेवर पोरे घेऊन आल्या. मी दगडासमोर उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. हा लेख ह्या गावात शेवटचा कुणी वाचला असेल आणि त्यानंतर किती पिढ्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या असतील, असे वाचता वाचता मनात येत होते. गावाचे नाव आले तेव्हा गर्दीतून एकदम "आँ!" असा उद्गार निघाला. शिवीपाशी आलो तेव्हा पुरुषांनी हात जोडले आणि बायकांनी पदर तोंडाला लावले.

संपल्यावर आयने विचारले, "नावा कुनाकुनाची हान त्यात?"

"राजाचं आहे. जमीन देणाऱ्याचं आहे. लिहिणाऱ्याचं आहे."

"आनि कसनाऱ्याचा?"

मी कागदावर पुन्हा नजर फिरवली. खरे तर गरज नव्हती, मला लेख तोंडपाठ होता. "नाही," मी म्हणालो.

आयने दगडाकडे पाहिले. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. "तो तं रोज हितंच होता," ती म्हणाली आणि कामाला निघून गेली.

मी तेही वहीत उतरवले. पुढच्या वर्षी परीक्षा झाली. प्रश्न पार्लमेंटावर होते, सनावळ्यांवर होते. मी पास झालो, वरच्या वर्गात नव्हे, पण झालो. वकिली केली नाही. कल्याणच्या शाळेत मास्तरकी मिळाली ती घेतली.

वडिलांना मात्र कोलशेतनंतर एक नाद लागला होता. कामासाठी ज्या गावी जातील तिथल्या शेतांची लोकांच्या तोंडची नावे ते एका जुन्या वहीत टिपून ठेवू लागले. सरकारी कागदात ज्याला नुसता नंबर असे, त्याला गावात 'वाघाची उडी' म्हणत, 'सुईणीचं वावर' म्हणत. एका रविवारी मी कल्याणहून घरी आलो होतो. चहा पुढे ठेवला होता तो निवला तरी वडील वही चाळीत होते.

"माजिवड्याला एक खाचर आहे," ते म्हणाले. "त्याला 'जहाजाचं' म्हणतात. खाडीपासून एवढं लांब, आणि जहाज कुठलं? का म्हणत असतील रे?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

"मलाही नाही," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी उठून खुंटीवरची पगडी काढली. "ऊन फार नाही अजून. चल, विचारून येऊ."